एक्केचाळीस नंबरचा दुसरा फोटो

सोमवार ते शुक्रवार मी चँडलरमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. महिन्यातून एका शनिवारी अ‍ॅरिझोनाच्या एखाद्या तलावावर कयाक-स्पर्धेचा पंच असतो. मानधन पेट्रोलपुरतं. काम तेच, चुका काढायचं.

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाची ही स्पर्धा वजनावर नसते, लांबीवर असते. मासा पकडायचा, मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, फोटो काढून पाण्यात सोडायचा आणि फोटो अ‍ॅपवर टाकायचा. तोंड मिटलेलं आणि फळीच्या डाव्या भिंतीला टेकलेलं हवं. हात कल्ल्यात नको. आणि त्या दिवशी सकाळीच दिलेला कोड असलेलं कार्ड पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर कालचाच मासा आज दाखवणारे महाभाग असतात. मोजणी पाव-पाव इंचाची. इथे मराठी माणसाची चैन आहे: सव्वाअठरा, साडेअठरा, पावणेएकोणीस. पाच माशांची बेरीज करताना बाकीचे फोनमधला कॅल्क्युलेटर उघडतात.

जूनमधला शनिवार होता. जागा सग्वारो लेक, म्हणजे सॉल्ट नदीवर १९३० साली स्टुअर्ट माउंटन धरण बांधलं त्यामागचा जलाशय. कडेच्या डोंगरांवर बोटभर काट्यांचे सग्वारो निवडुंग आणि खाली बोरूच्या बेटात पूर्वेकडून आणून सोडलेला हा मासा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात खरी मासेमारी पहाटे पाच ते आठ. नंतर बास खोल जातो आणि पाणी वेकबोटवाल्यांच्या, म्हणजे मुद्दाम लाटा उठवणाऱ्या मोटारबोटवाल्यांच्या ताब्यात. मोठाल्या लाटा उडवत जाताना शेजारी दहा फुटी कयाकमध्ये माणूस बसलाय हे त्यांना दिसत नाही, किंवा दिसतं आणि गंमत वाटते.

९ वाजून ४१ मिनिटांनी एक्केचाळीस नंबरचा फोटो आला. साठीच्या पुढचे गृहस्थ, पहिलीच स्पर्धा. साडेअठरा इंची, पोट भरलेला, शेपटीच्या वरच्या पात्यात एक जुनी खाच. फोटो सुरेख होता. फक्त अंगठा कार्डावर होता आणि कोडचा शेवटचा आकडा झाकला गेला होता.

नियमाने शून्य. मला वाईट वाटलं. आमच्या नियमात पंचाला एक सवलत आहे. ती वापरून मी लिहिलं, 'मासा अजून जाळीत असेल तर दुसरा फोटो पाठवा.' मदत केल्याचं समाधानही वाटलं.

मासा जाळीत होता. कड्यांच्या आड रेंज नसते, म्हणून ते मासा कयाकला टांगलेल्या जाळीत ठेवून पेडल मारत उघड्या पाण्यात आले होते. निरोप वाचला, फळी काढली. दुसरा फोटो ९ वाजून ५८ मिनिटांचा.

कोड स्पष्ट, तोंड मिटलेलं, साडेअठरा. मी मंजूर केला. मग फोटो मोठा करून पाहिला. पाहायला नको होता असं नाही. आधी पाहायला हवा होता. फळी कोरडी होती. आम्ही सकाळी सगळ्यांना बजावतो की आधी फळी पाण्यात बुडवा. उन्हात पांढरं प्लास्टिकसुद्धा इतकं तापतं की मनगट टेकवत नाही, आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यालाच चिकटून निघतो. पहिल्या फोटोत त्याची पाठ ओली, हिरवट चमकत होती. दुसऱ्यात ती पुसलेल्या पाटीसारखी निस्तेज. पाठीवरचा काटेरी पर मिटलेला.

सतरा मिनिटं. वरचं पाणी २७ अंश, हवा ३८. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात झुंजून दमलेला मासा जाळीत.

साडेदहाला एक मुलगा पॅडलबोर्डवर मासा ठेवून किनाऱ्यावर आला. 'हा तरंगत होता,' म्हणाला. शेपटीच्या वरच्या पात्यात खाच.

मी मोबाइल काढून फोटो शेजारी धरला. कशाला, ठाऊक नाही. खाच तीच होती.

मी अलिबागकडचा. खाडीवर गरवायला गेलेला माणूस संध्याकाळी कालवण घेऊन घरी येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. माझ्या आजीला हा सगळा प्रकार सांगितला असता तर तिने एवढंच विचारलं असतं की खायचा नव्हता तर धरलात कशाला. ते मला झेपलं असतं. पण हा मासा खाण्यासाठी मेला नाही. एका आकड्यासाठी मेला, आणि तो आकडा मला ठाऊक होता. एक्केचाळीस नंबरला त्या दिवशी कोणता कोड दिलाय, यादी माझ्याच हातात होती.

आयोजकांना सांगितलं. मासा सोडताना पोहत गेला होता ना, मग फोटो वैध, असं उत्तर आलं. नियमाने बरोबर आहे. नियम जानेवारीत बसून लिहिलेत, जाकीट घालून. मे ते सप्टेंबर दुसरा फोटो मागायचाच नाही, असं मी सुचवलंय. 'बघू' म्हणालेत.

गृहस्थ तिसरे आले. रात्री त्यांचा मेसेज आला: दुसरी संधी दिल्याबद्दल मनापासून आभार, पुढच्या महिन्यात नातवालाही आणतो.

उत्तर अजून दिलेलं नाही.