वाळलेली कणीक

कार्तिक वद्य दशमीला आळंदीत आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एकादशीच्या आदल्या दिवशी प्रत्येक दिंडीला आठवतं की आपल्या पखवाजाची वादी, म्हणजे दोन्ही तोंडं ताणून धरणारी कातडी पट्टी, सैल झाली आहे. कुणाची उजव्या तोंडावरची काळी शाई उडालेली असते, कुणाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटलेली. त्या चार दिवसांत मी नवं काम घेत नाही. जे ओढून, ठोकून, तासाभरात परत देता येईल तेवढंच घेतो. बाकीच्यांना हात जोडतो.

त्या दशमीला दुपारी एक साठीचा माणूस दुकानाच्या पायरीशी उभा होता. धोतर, मळका सदरा, गळ्यात माळ. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला पखवाज. गर्दी थोडी हटली तसा तो पुढे आला आणि गोधडी सोडून पखवाज माझ्यासमोर ठेवला.

माणसाच्या आधी मी खोड ओळखलं. शिसमाचं, मधोमध डोळ्यासारखी गाठ असलेलं. माझ्याच हातचं. उजवीकडची पुडी ठीक होती, शाईचा कडेचा एक खवला निघाला होता एवढंच. डावी बाजू फिरवली आणि माझं डोकं फिरलं. धूमेवर, म्हणजे डाव्या पुडीवर, कणीक तशीच होती. वाळून दगड झालेली, तडे गेलेली, आणि एका कडेने उंदरांनी कणकेबरोबर कातडंही कुरतडलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला शाई नसते. वाजवायच्या आधी गव्हाची कणीक मळून, पाण्याचा हात लावून ती मधोमध थापायची, तेव्हा कुठे त्यातून तो खोल, पोटातून येणारा 'धुम' निघतो. वाजवून झालं की कणीक लगेच खरवडायची आणि ओल्या फडक्याने जागा पुसायची. राहिली तर कातडं आखडतं, कीड लागते, उंदीर येतात. पहिल्या दिवशी शिकणाऱ्या पोरालाही हे सांगतात.

मी त्या माणसावर ओरडलो. म्हणालो, "कोणी केलं हे? वाजवायची अक्कल आहे आणि पुसायची नाही? ज्याचा हा पखवाज आहे तो पोरगा असलं कधीच करणार नाही. कुठंय तो? त्याला पाठवा."

तो माणूस खाली बघत म्हणाला, "माउली, त्योच गेला."

दुकानात चार-पाच जण होते. कुणीतरी आत हातोडी मारत होतं, ती थांबली. मी पायरीवरून उतरून त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, तांब्या नुसता धरून बसले. मी त्यांच्यावर ओरडलो होतो. तो शब्द परत घ्यायचा कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

पोरगा आळंदीत आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. परभणीकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा. इथल्या एका वारकरी शिक्षण संस्थेत राहायचा. आळंदीत अशा संस्था गल्लोगल्ली आहेत. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली पहिली काढली, तिच्या पाठोपाठ कितीतरी उभ्या राहिल्या. पहाटे काकडा, मग गीतेची आणि ज्ञानेश्वरीची संथा, दुपारी झोळी घेऊन माधुकरी, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधल्या वेळात गाणं नाहीतर मृदंग. याने मृदंग घेतला, म्हणजे हाच पखवाज. संस्थेचा एक जुना पखवाज घेऊन तो पहिल्यांदा माझ्याकडे आला होता. वादी तुटलेली होती आणि खिशात तीस रुपये होते. वादीचे पैसे त्यात बसत नव्हते. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाला, "नको मामा, मी काम करतो." आणि दोन दुपारी बसून त्याने माझ्याकडे शाई घोटली.

शाई घोटणं हे जिवावरचं काम आहे. लोखंडाचा कीस आणि खळ एकत्र कालवून पातळ थर द्यायचा, तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळला की पुढचा थर. घाई केली की शाई फुटते. मोठी माणसं कंटाळतात. हा पोरगा दगडाच्या प्रत्येक फेऱ्याला ओठातल्या ओठात 'राम कृष्ण हरी' म्हणायचा. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, मोजायला बरं पडतं." लाजला होता, म्हणून तसं म्हणाला.

पुढे आठ वर्षं तो माझ्या दुकानात येत राहिला. शिसमाचा पखवाज त्याने माझ्याकडूनच घेतला, हप्त्याने. दोन वर्षं लागली. कीर्तनाला साथ केल्यावर मिळणाऱ्या बिदागीतून कधी शंभर, कधी दोनशे आणून द्यायचा, आणि उरलेले किती ते मला विचारायच्या आधीच सांगायचा. हल्ली नट-बोल्टचे पखवाज निघालेत, ओढायला सोपे. त्याला वादीचाच हवा होता. वादीच्या पखवाजाचा आवाज कानाला नाही, छातीला लागतो, असं त्याचं म्हणणं.

वारीत पाऊस आला की हा स्वतःचं इरलं काढून पखवाजावर घालायचा आणि आपण भिजत चालायचा. पाणी लागलं की पुडी उतरते, हे खरं. पण त्याची भक्ती मला अशाच ठिकाणी दिसायची. मी कीर्तनं फार ऐकली, मोठमोठी माणसं जवळून पाहिली. देवाविषयी हा पोरगा क्वचितच बोलायचा. बसायच्या आधी पखवाजाला कपाळ लावायचा, कणीक मळताना पिठाचा कण सांडू द्यायचा नाही, आणि वाजवून झाल्यावर खरवडलेली कणीक कधी फेकायचा नाही. तिच्या बारीक गोळ्या करून इंद्रायणीवर न्यायचा, माशांना. नदीवर फेस तरंगत असायचा. मी म्हणायचो, अरे या पाण्यात मासे राहिलेत का? तो म्हणायचा, "असतील एक-दोन. त्यांना कोण देणार?"

एकदा माझ्या दुकानात बारा मात्रांचा चौताल वाजवत होता. दुगुणीत, दुप्पट लयीत, चुकला. परत घेतला, परत चुकला. पखवाज खाली ठेवून हसला आणि म्हणाला, "मामा, माउलींनी सोळा वर्षांचे होईस्तोवर ज्ञानेश्वरी सांगितली आणि एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. मला एकविसावं लागलं, अजून बारा मात्रा सांभाळता येत नाहीत." मी म्हटलं, तुला घाई कसली आहे?

हे मी म्हटलं होतं. दोन वर्षंही झाली नसतील त्याला.

त्या दशमीला वडिलांनी सगळं सांगितलं. शिक्षण पूर्ण करून तो गावी गेला होता. मारुतीच्या देवळात अकरा पोरं मृदंग शिकवायला घेतली होती. कोजागिरीपासून काकडा सुरू झाला आणि गावात सप्ताह बसला. पाचव्या दिवशीचं कीर्तन रात्री अकराला सुटलं. एरवी हा सगळ्यांच्या मागे थांबायचा, टाळ मोजायचा, सतरंज्या झाडायचा. पण त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. साडेबाराला यायची आणि पहाटे जायची. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, वडिलांचा गुडघा दुखत होता. म्हणून हा पखवाज घरी आईजवळ ठेवून, "कणीक येऊन काढतो गं" म्हणून पळाला.

पाणी लावलं, दार धरलं, पहाटे लाइट गेल्यावर शेतातल्या कोठ्यात पोतं अंथरून घटकाभर आडवा झाला. सकाळी घरी आला तो पोट धरून. डोळ्यांवर झापड होती. आई म्हणाली, आठ दिवस जागरण आहे, झोप जरा. तोही तसंच म्हणाला. काकड्याला गेला नाही म्हणून हळहळत पडून राहिला. नऊच्या सुमारास पापण्या उघडेनात, पाणी गिळता येईना, बोलणं जड झालं. गावातला दवाखाना बंद होता. तालुक्याला नेईपर्यंत श्वास लागला. तिथे श्वासाचं यंत्र नव्हतं, पुढे न्या म्हणाले. पुढे जाता जाता रस्त्यात संपलं. दुसऱ्या दिवशी कोठ्यातली पोती हलवली तेव्हा खाली मण्यार निघाली.

"आंगावर दात दिसला न्हाई माउली," ते म्हणाले. "कुठं सूज न्हाई, काई न्हाई. साप चावला म्हणून कळलं आसतं तर..." पुढे त्यांना बोलता येईना.

त्याच यात्रेत वारकऱ्यांसाठी फुकट तपासणीचा मांडव होता. रात्री दुकान बंद केल्यावर मी तिथल्या डॉक्टरांकडे गेलो. मला झोप लागली नसती. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे माणसं मारणारे साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार सोडून बाकी तिघांच्या चाव्याला दुखतं, सुजतं. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावलेलं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. "रात्री खाली झोपलेला माणूस सकाळी पोटदुखी आणि झापड घेऊन उठला, तर आधी मण्यार समजा आणि धावा," ते म्हणाले. विषावरची लस चारही सापांना एकच असते, पण ती वेळेत पडावी लागते आणि श्वास यंत्रावर धरून ठेवावा लागतो. तेवढं झालं तर माणूस वाचतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58,000. बहुतेक सगळी खेड्यातली. मी ते आकडे ऐकत होतो आणि मला फक्त ते पोतं दिसत होतं. कोठ्यात एक खाट असती तर. मच्छरदाणी कडेने खोचलेली असती तर.

वडील पखवाज घेऊन का आले, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. पोराच्या आईने कुणाला कणकेला हात लावू दिला नव्हता. तो येऊन काढणार होता ना. पखवाज तसाच कोपऱ्यात, गोधडीखाली. उंदरांनी खाल्ला तेव्हा ती माउली दिवसभर रडली आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाली, "आळंदीला न्या. पोरं हात बांधून बसलीत. वाजता करून आणा." त्या अकरा पोरांतला थोरला दहावीला आहे. तो वाजवणार.

मी हातातली सगळी कामं बाजूला ठेवली. जे वाट बघत होते त्यांना सांगितलं, आज नाही. एकजणही रागावला नाही, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ती कणीक काढायला मी कोमट पाण्याचं फडकं वर ठेवलं. मऊ पडेपर्यंत अर्धा तास गेला. फडकं उचललं तर मधोमध चार बोटं उठलेली होती. थापताना दाबलेली. तर्जनीचा ठसा बाकीच्यांपेक्षा खोल होता, ती त्याची सवय होती. मी शंभर वेळा त्याला तसं थापताना पाहिलं असेल. वडिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी आपली बोटं त्या खळग्यांवर धरली, टेकवली नाहीत. त्यांची बोटं जाड होती, मावली नसती.

मला ते खरवडता आलं नाही. कातडं तर बदलायचंच होतं. म्हणून मी वादी सोडली, तिच्याखालचे लाकडी गट्टे काढले आणि डावी पुडी कणकेसकट अख्खी उतरवली. कडेच्या विणलेल्या गजऱ्यासकट, तशीच. कापडात बांधून वडिलांना दिली, त्याच्या आईसाठी. उजव्या पुडीला हात लावला नाही. शाईचा उडालेला खवलाही भरला नाही. जाणकार म्हणतील आवाजात फरक पडतो. पडू दे. तिथे मैदानाच्या, म्हणजे शाई आणि कडेच्या मधल्या कातड्याच्या, एका जागी त्याच्या हाताने कातडं काळपट, तुळतुळीत झालं आहे.

नवी धूम चढवली. वादी ओढायला वडील मला मदत करत होते. मोटेची, नांगराची सवय असलेले हात, त्यांना ओढ कळत होती. पुडी एकादशीभर वाळू दिली, द्वादशीला पुन्हा ओढली. ते तीन दिवस दुकानातच राहिले. रात्री पखवाजाशेजारी झोपायचे. मी बाजेवर झोपायला लावलं.

त्रयोदशीला दुपारी बारा वाजता समाधीचा घंटानाद होतो, फुलं पडतात. ज्ञानोबांनी 1296 साली याच तिथीला समाधी घेतली. नामदेवरायांनी ते सगळं अभंगांत लिहून ठेवलं आहे, आणि त्या दिवशी ते गायले जातात. निवृत्तीनाथ ज्ञानोबांचे गुरू होते, थोरले भाऊ होते, त्यांना सगळं ज्ञान होतं. तरी नामदेवराय लिहितात की ते कोसळले. लहानपणापासून मी हे ऐकतो आहे, दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं. या वेळी शेजारी एक बाप उभा होता. तो म्हणाला, "माउली, सातशे वर्षं झाली तरी लोकं रडतेत. मग मी रडलो तर चालंल न्हवं?"

मी म्हटलं, चालेल.

दुकानात परत आलो. पखवाज तयार होता, आवाज बघायचा होता. कणीक मळायला मी पीठ घेतलं, तर त्यांनी परात माझ्या हातातून घेतली. पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग परत पाणी. मी काही बोललो नाही. त्यांनी स्वतःच ती धूमेवर थापली. मी एक भजनी ठेका धरला, दोन-चार आवर्तनं वाजवली. नव्या कातड्याचा आवाज अजून कोवळा होता, पण खोल होता. ते खोडावर हात ठेवून बसले होते, ऐकण्यापेक्षा हाताने घेत होते. गल्लीतून टाळ जात होते.

मी थांबलो तसं त्यांनी विचारलं, "आता काढायची न्हवं?" मी त्यांना खरवडायला पट्टी दिली. त्यांनी कणीक निगुतीने काढली, फडकं ओलं करून जागा दोनदा पुसली, बोट फिरवून चिकट राहिलं का बघितलं. मग तो गोळा मुठीत घेतला आणि म्हणाले, "नदी कोन्या अंगाला?"