तिएर: पोटावर झोपून धार लावणाऱ्यांचं गाव

फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँहून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगराच्या कडेला तिएर हे चाकूंचं गाव वसलंय. गावात सपाट रस्ता शोधावाच लागतो. लाकडी चौकटींची जुनी घरं आणि पीरूचा वाडा तासाभरात पाहून होतो. मला वाटतं, तिएरला यायचं ते द्युरोल नदीसाठी.

आसपास लोखंडाची खाण नाही, चाकूंसाठीचं पोलाद बाहेरूनच येई. या गावाकडे होतं ते उतारावरून कोसळणारं पाणी. घळीतल्या कित्येक पाणचक्क्यांवर निसणे, म्हणजे धार लावायचे गोल दगड, फिरत, आणि निसण्यासमोर फळीवर माणूस पालथा झोपलेला असे. या फळ्या जवळून पाहिल्या की पोटात कालवतं. पालथं झोपल्यामुळे अंगाचा भार हातांतून पात्यावर येई आणि नजर धारेपाशी राही. खालून पाण्याचा गारठा चढे, म्हणून पायांवर कुत्रा बसवत. दगड सतत ओला ठेवावा लागे. कोरडा पडला तर पातं तापून पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरे, आणि मग ती धार टिकत नसे. ओल्या दगडाचा पिवळा चिखल अंगावर उडे, त्यावरून या लोकांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत. दगडात चीर असली तर तो फिरता फिरताच फुटे. माणसाचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर!

गावाच्या वरच्या अंगाला असलेली रुएंची, म्हणजे धार लावायच्या पाणचक्क्यांची, दरी पाहायची असेल तर उन्हाळ्यातच या. एरवी ती बंद असते. पायवाट ओली असते, चांगली पकड असलेले बूट हवेत.

चाकूंचं संग्रहालय गावातच आहे. इथे एक चाकू एका माणसाचा नसे: घडणारा, धार काढणारा, घासणारा, जोडणारा, सगळे वेगवेगळे. जोडणी स्वतः करून बघायची सोय गावात मिळते, ती अजिबात चुकवू नका. दोन पत्रे, पाठीची स्प्रिंग, पातं, मुठीच्या दोन फळ्या आणि खिळे, एवढंच सामान. खिळा आरपार घालून साधारण एक मिलिमीटर बाहेर ठेवून कापायचा, मग हलक्या हातोडीने कडेकडेने गोल ठोकत माथा पसरवायचा. जास्त लांब ठेवला तर खिळा वाकतो, आखूड पडला तर माथा धरत नाही, आणि हातोडी चुकून शिंगाच्या मुठीवर पडली तर मूठ तडकते. खरी परीक्षा पात्याच्या खिळ्याची. कमी ठोकला तर पातं डुगडुगतं, जास्त ठोकला तर उघडतच नाही. दर चार-पाच ठोक्यांनी उघडून पाहावं. घट्ट झालंच तर तेलाचा थेंब सोडून उघडझाप करत बसावं.

विकत घेताना ‘लाग्योल’ या नावावर भुलू नका; लाग्योल हे फ्रान्समधलं दुसरं गाव, आणि तिथल्या प्रसिद्ध घडणीच्या चाकूंनाही तेच नाव. ते नाव कोरलेला चाकू कुठेही बनलेला असू शकतो, आणि कित्येक चांगले लाग्योल मुळात तिएरमध्येच बनतात. कुठे बनला, ते दुकानदाराला सरळ विचारा. हातात घेऊन पातं आडवं हलवून बघा, मिटल्यावर ते पत्र्यांच्या बरोबर मध्ये बसतंय का तेही पाहा. खटकन मिटू देऊ नका, धार स्प्रिंगवर आपटून बोथटते. अंगठ्याने सावकाश मिटवा.

दुकानं दुपारी जेवणासाठी बंद होतात, त्यामुळे खरेदी सकाळीच उरका. आणि चाकू विमानात हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या बॅगेत टाका.