टायरवरचे चार आकडे

२०२५ च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आम्हाला नाशिकहून नागपूरला जायचं होतं. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं आणि थेट नागपूरला उतरायचं, असा बेत. गाडीत पाच माणसं, डिकी आहेराच्या सामानाने भरलेली आणि वर विदर्भातलं मे महिन्याचं ऊन. गाडी २०१७ ची, पण फिरलेली जेमतेम ३६ हजार किलोमीटर. सर्व्हिसिंग नुकतंच झालेलं. टायरची नक्षीही चांगली दिसत होती, म्हणून फक्त हवा भरून घ्यायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गाडी नेली.

काकांनी हवेचा पाइप हातात घेतला आणि परत खाली ठेवला. टायरच्या बाजूवर अंगठा दाबून बघितला. "ताई, लांब जाणार आहात का?"

"नागपूरला."

"मग आधी टायरचं बघा."

"नक्षी आहे की अजून, काका."

"नक्षी आहे हो. वय झालंय."

त्यांनी मला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायला सांगितलं. पुढचं चाक बाहेर आलं तशी टायरची आतली बाजू दिसायला लागली. काकांनी फडक्याने माती पुसली. इंग्रजीतल्या डी-ओ-टी या अक्षरांपुढे काही अक्षरं-आकडे होते आणि शेवटी एका लांबट गोल चौकटीत चार आकडे: १४१७. "चौदावा आठवडा, सतरा साल," काका म्हणाले. म्हणजे एप्रिल २०१७. गाडीबरोबर आलेलेच टायर, आठ वर्षांचे. आमच्या टायरवर ही तारीख एकाच बाजूला होती आणि तीच बाजू गाडीच्या पोटाकडे गेली होती. रोज गाडी पुसणाऱ्याच्याही ती नजरेला पडली नसती.

मग त्यांनी परत अंगठा दाबला आणि मला जवळ येऊन बघायला लावलं. दाबल्यावर रबरावर टाचेच्या भेगांसारख्या बारीक रेघा उघडत होत्या, सोडल्यावर मिटत होत्या. आमची गाडी उघड्यावर उभी असते. ऊन आणि हवा रबराला सुकवतातच, गाडी चालो न चालो. उलट कमी चालणाऱ्या गाडीचा धोका हा, की नक्षी झिजायच्या आत रबर म्हातारं होतं आणि आपण नक्षीवर विश्वास ठेवून बसतो. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावेत आणि दहा वर्षांपुढे वापरूच नयेत. भेगा पडलेले आठ वर्षांचे टायर घेऊन, गाडी भरून, १२० ची वेगमर्यादा असलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर दिवसभर पळायचं माझ्या मनाला पटेना. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत.

त्या संध्याकाळी टॉर्च, ओलं फडकं आणि वही घेऊन मी गाडीशेजारी बसले. टायरवर जे जे लिहिलं होतं ते उतरवून काढलं आणि एकेकाचा अर्थ शोधला. सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं: १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या रबराची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे कसे घातलेत त्याची खूण. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत दोन आकडे मिलिमीटर आणि टक्क्यांचे आणि तिसरा इंचाचा, म्हणून आधी गोंधळ होतो.

महत्त्वाचे ते शेवटचे दोन, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. ८८ हे किलो नाहीत, तो तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०. आपण तेवढं पळवणार नसतो, पण ही क्षमता शेवटी उष्णता सोसण्याची असते, आणि ती योग्य हवा आणि चांगलं रबर धरून ठरवलेली असते. मे महिन्यातल्या रस्त्यासाठी हाताशी थोडी शिल्लक असलेली बरी.

कडेला टी-डब्ल्यू-आय अशी बारीक अक्षरंही सापडली. तिथून बोट सरळ नक्षीच्या खाचेत नेलं, की तळाशी एक उंचवटा लागतो. तो १.६ मिलिमीटरचा असतो. नक्षी झिजून त्याला टेकली, की टायर संपलं. आमचं बोट अजून चांगलं खाली जात होतं. त्या बाबतीत टायर खरंच ठीक होते. आयएसआयचा शिक्काही होता, आयएस १५६३३, कारच्या टायरसाठीचं भारतीय मानक.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेले. तिथे हे सगळं उपयोगी पडलं. दुकानदारांनी पहिल्यांदा १८५/६० आर१५ काढून दाखवले. "मॅडम, हे तयार आहेत, यातही तुमचंच रिम बसतं." रिम बसत होतं हे खरं. पण पुढे ८४ लिहिलेलं होतं, म्हणजे ५०० किलो. दर चाकामागे ६० किलो कमी. बाजूचं रबरही नऊ मिलिमीटरने बुटकं, म्हणजे खड्ड्यात रिमला तेवढा आधार कमी, आणि गाडीही तेवढीच खाली. शिवाय चाकाचा एकूण व्यास तीन टक्क्यांनी घटल्यामुळे वेगाचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९७ च्या आसपास असणार. मी नको म्हटलं. गाडीच्या दाराच्या खांबावर कंपनीने जो आकार छापलाय, तोच हवा.

मग त्या आकाराचे चार आणले. मी चारही टायरच्या तारखा वाचल्या. दोन ०९२५, म्हणजे फेब्रुवारीअखेरचे, ताजे. दोन मात्र ४६२२. नोव्हेंबर २०२२, अडीच वर्षं गोदामात पडलेले. दुकानदार म्हणाले, "वापरलेले नाहीत ना, नवेच आहेत." सावलीत, नीट ठेवलेलं न वापरलेलं टायर लगेच वाईट होत नाही, हे मीही मान्य करते. पण मी पूर्ण किंमत मोजत होते, आणि आमच्या गाडीवर टायर नक्षीने नाही, वयाने संपतात. त्यातली अडीच वर्षं आधीच गेलेली मला का परवडावीत? मी तसं स्पष्ट सांगितलं आणि थांबायची तयारी दाखवली. दोन दिवसांनी त्यांनी दुसरे दोन मागवून दिले, ११२५ चे. भांडण काही झालं नाही. बिलावर चारही टायरचे आकडे लिहून घेतले.

टायर चढवताना मी मशीनजवळच उभी राहिले. जुनं टायर उतरल्यावर रिमच्या आतल्या बाजूला कोरलेलं दिसलं: १५ गुणिले ५.५जे, ईटी ४५. साडेपाच इंच रुंदी, जे हा रिमच्या काठाचा आकार, आणि ईटी म्हणजे रिम हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला, जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. बाहेरून अलॉय रिम घेणाऱ्यांनी हे आधी बघावं, नाहीतर चाक आत किंवा बाहेर सरकतं आणि घासतं.

नव्या टायरवर एक पिवळा ठिपका होता. चढवणाऱ्या मुलाने तो बरोबर व्हॉल्व्हसमोर आणला. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, पिवळा म्हणजे टायरची हलकी जागा. व्हॉल्व्हपाशी रिम जड असतं. दोन्ही समोरासमोर आणले की शिसं कमी लावावं लागतं." बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायच्या, मशीनवर पहिल्या चाकाला फक्त १५ ग्रॅम शिसं लागलं. आपलं काम समजून करणाऱ्या माणसाकडे बघायला मला फार आवडतं.

तिसऱ्या चाकाला मात्र त्याची गडबड झाली. आमच्या टायरची नक्षी दोन्हीकडे सारखी नव्हती, आणि अशा टायरच्या एका बाजूवर इंग्रजीत आउटसाइड लिहिलेलं असतं. ती बाजू बाहेरच यायला हवी. त्या चाकावर इनसाइड बाहेर आलं होतं. दाखवल्यावर त्याने काही न बोलता टायर उतरवून परत चढवलं. काहींवर बाण असतो. तिथे चाक पुढे फिरताना बाण पुढच्या दिशेला हवा.

हवेबद्दल घरी वाद झाला. टायरवर कमाल दाब ४४ पीएसआय लिहिलाय, तर तेवढी भरू, असं मुलाचं म्हणणं. मी त्याला दाराचा खांब दाखवला. टायरवरचा आकडा म्हणजे टायर सहन करेल ती मर्यादा. गाडीला किती हवी ते खांबावरच्या स्टिकरवर असतं, आणि गाडी भरलेली असेल तर तिथला जास्तीच्या भाराचा आकडा घ्यायचा, टायर थंड असताना. कमी हवाही वाईट, कारण बाजूचं रबर सतत दुमडत राहतं आणि त्यानेच टायर तापतं.

निघायच्या चार दिवस आधी स्टेपनी आठवली. डिकीतून काढली तर रबराचे नवेपणाचे केससुद्धा शाबूत. एकदाही न वापरलेली. आकार वेगळा, १६५/८० आर१४, लोखंडी रिमवर, आणि वर ताशी ८० चं स्टिकर. तारीख १३१७. तीही बदलली. त्या आकाराचं टायर मिळायला तीन दिवस लागले; निघायच्या आदल्या रात्री ती परत डिकीत गेली, आणि आहेराचं सामान तिच्यावर रचायच्या आधी मी तिची हवा मोजून घेतली.