२७ ग्रॅमची वाघीण

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुठल्या ना कुठल्या डब्यातून डरकाळी येईल म्हणून मी बराच वेळ कान देऊन उभा होतो. नंतर कळलं की वॅगनची वाघीण झालीय, बाकी काही नाही. पण शब्द डोक्यात बसला तो बसलाच, आणि आता रात्री टेबललॅम्पखाली तीन इंचाचा डबा चिमट्यात धरून बसलो की माझ्या मनात ती वाघीणच असते.

खऱ्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करायच्या या छंदात माझं माप एन स्केल, म्हणजे १:१६०, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. जास्त लोक एचओ करतात, १:८७ आणि १६.५ मिलिमीटर. त्या लोकांच्या डब्यांना निदान हात लावता येतो असं मी जळून म्हणत असतो. सध्या करतोय ती अमेरिकन बॉक्सकार, म्हणजे छप्परवाली बंद वाघीण, १९५० च्या आसपासची, ४० फुटी. ४० फुटांना १६० ने भागलं की बरोबर ३ इंच येतात, शिल्लक शून्य. हा हिशोब इतका छान सुटतो ना, की माणूस तिथेच फसतो. वाटतं सगळंच १६० ने भागत गेलं की झाली वाघीण तयार.

स्क्रॅचबिल्डिंग म्हणजे तयार किट न घेता कोऱ्या शीटपासून सगळं आपलं आपण करायचं. स्क्रॅच म्हणजे ओरखडा, आणि काम खरंच ओरखड्यानेच सुरू होतं. स्टायरीन नावाच्या प्लास्टिकची पांढरी शीट आरपार कापायची नसते, स्टीलची पट्टी धरून कटरने दोन-तीनदा हलकेच ओरखडायचं आणि मग वाकवायची, टक्कन त्याच रेषेवर तुटते. जोर लावला की सुरी भरकटते, पट्टीवर चढते आणि तिथून थेट बोटावर. (चाकं, ती ज्यात बसतात ते सांगाडे म्हणजे ट्रक, आणि डबे एकमेकांना जोडणारे कपलर मात्र मी विकतच आणतो, उगाच खोटं कशाला बोला. पाच मिलिमीटरचं चाक गोल करणं माझ्याच्याने होणार नाही.)

तर भागाकार. डब्याच्या बाजूला चढायला लोखंडी कड्या असतात, खऱ्या डब्यावर जेमतेम १९ मिलिमीटर जाडीच्या. भागा १६० ने, ०.१२ मिलिमीटर. एवढी बारीक तार वाकवायला गेलं की ती वाकते, पण आपल्याला हवी तिथे नाही, आणि नुसती बाही लागली तरी परत वाकते. म्हणून मी ०.२५ ची पितळी तार घेतो, म्हणजे माझ्या डब्यावर चढणाऱ्या माणसाला चार सेंटीमीटर जाडीचा नळ धरून चढावं लागणार. दिसताना मात्र बरोबर दिसतं. रिव्हेट पण तसेच, इंचभर डोक्याचा रिव्हेट १६० ने भागल्यावर ०.१६ मिलिमीटरचा होतो, तो मी अगदी पातळ शीटच्या मागून बोथट सुई दाबून उठवतो, आणि एका बाजूचे मोजून सगळे तर कधीच उठवत नाही. ओळ दिसली पाहिजे, कोणी मोजत बसत नाही. म्हणजे मोजणारे असतात, पण त्यांना मी डबा लांबूनच दाखवतो.

स्टायरीनला लागणारा गोंद हा गोंद नसतोच मुळी, पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट असतं. सांध्याला ब्रशचं टोक टेकवलं की ते आपोआप फटीत शिरतं, दोन्हीकडचं प्लास्टिक जरासं विरघळवतं आणि उडून जातं, मागे एकच तुकडा राहतो. फार सुंदर प्रकार आहे, फक्त तुमचं बोट त्या फटीच्या जवळ असेल तर ते बोटाखालीही तितक्याच आवडीने शिरतं. एकदा अख्खी बाजू पूर्ण झाल्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यात कायमचा उमटला. ठशाच्या रेषांमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर अंतर धरलं तर खऱ्या मापात ८ सेंटीमीटरवर एक अशा पन्हळ्या झाल्या, म्हणजे पन्हळी पत्र्याची वाघीण म्हणून खपवता आली असती. नाही खपवली, घासून काढली, रिव्हेटांसकट. आणि हो, पूर्ण बंद खोकं केलंत तर डब्याच्या तळाला एक भोक ठेवा. आत अडकलेली सॉल्व्हंटची वाफ महिनोन्‌महिने प्लास्टिक मऊ करत राहते आणि एक दिवस बघावं तर भिंती आत ओढल्या गेलेल्या असतात.

वजनाचं तर विचारूच नका. लांबी १६० ने भागायची, पण वजन १६० च्या घनाने, म्हणजे ४० लाख ९६ हजाराने. रिकामी वाघीण २० टनांची धरली तर माझी फक्त ५ ग्रॅमची निघते. ५ ग्रॅमची वाघीण पहिल्याच वळणावर रुळावरून उतरते, कुणी शिंकलं तरी उतरेल. अमेरिकेत १९३५ पासून मॉडेल रेल्वेवाल्यांची एनएमआरए नावाची संघटना आहे, त्यांची शिफारस अशी की एन स्केलला आधी अर्धा औंस आणि वर दर इंचाला ०.१५ औंस. तीन इंचाला ०.९५ औंस, म्हणजे २७ ग्रॅम. म्हणजे भागाकाराला जवळजवळ साडेपाचने गुणायचं! माप लहान झालं म्हणून घर्षण, कपलरची ओढ, रुळाचे सांधे हे काही त्या हिशोबाने लहान होत नाहीत. म्हणून आत शिशाची पट्टी चिकटवायची (मग हात नीट धुवायचे) आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हळूच पळवून आणायचा.

रंगाचीही तीच गत. ब्रशने एक दणकट हात दिला तर थर सहज ०.०५ मिलिमीटरचा होतो, १६० ने गुणा, ८ मिलिमीटर. एवढा जाड रंग खऱ्या डब्याला फासला तर रिव्हेट कुठले आणि फळ्यांच्या फटी कुठल्या. म्हणून एअरब्रशने, दुधासारखा पातळ करून, धुक्यासारखे दोन-तीन हात, मधे थांबत थांबत. त्याआधी करडा प्रायमर, आणि हा प्रायमर म्हणजे चहाडखोर माणूस, पांढऱ्या प्लास्टिकवर जे काही लपलं होतं ते सगळं तो बाहेर काढतो. मी प्रायमर मारून झाल्यावर दिवसभर डब्याकडे बघतच नाही. आणि केस! माझ्याच भुवईचा एक केस ओल्या रंगात पडला होता, ०.०७ चा धरला तरी खऱ्या मापात ११ मिलिमीटरचा दोर. ओल्यात काढायला जाऊ नये हे मला माहीत आहे, तरी मी गेलो, आणि दोराच्या जागी खंदक झाला.

जुन्या वाघिणी बहुतेक लालसर तपकिरी असायच्या कारण लोह ऑक्साईडचा रंग स्वस्त आणि टिकाऊ. मला तो बरोब्बर जुळवायची फार हौस होती. जुळवला, डब्यावर मारला, आणि डबा चॉकलेटच्या वडीसारखा काळपट दिसायला लागला. खऱ्या डब्याकडे आपण लांबून बघतो, मधली हवा रंग फिकट करते, शिवाय एवढ्याशा पृष्ठभागावर गडद रंग आणखीनच गडद वाटतो. मग आता मी त्यात थोडा पांढरा, थोडा मळकट पिवळा घालतो. बरोबर रंग चूक दिसतो आणि चूक रंग बरोबर, याची सवय व्हायला मला दोन डबे लागले.

अक्षरं डिकॅलची, म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली, पाण्यात भिजवून डब्यावर सरकवायची. आधी चकचकीत वार्निश हवंच, खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकते आणि सगळं चंदेरी दिसतं. मग मऊ करणारं द्रावण लावलं की अक्षरं अशी सुरकुततात की छातीत धस्स होतं, पण बोट लावायचं नाही, झोपायला जायचं. सकाळी ती रिव्हेटांवर घट्ट बसलेली असतात. खालच्या कोपऱ्यात डबा कधी बांधला ते साल आणि शेवटचं वजन कधी केलं ती तारीख असते, भिंगाशिवाय वाचताच येत नाही अशी, आणि नेमकी तिथेच चूक सापडते. छपरावर चालायची फळी ठेवलीय, तेव्हा डबा जुनाच हवा, कारण १९६६ पासून नव्या बॉक्सकारवर ती बसवणं बंद झालं. आधी ब्रेकवाले त्या फळीवरून धावत्या गाडीवर डब्याडब्यावर फिरून हातब्रेक आवळायचे. ती फळी माझ्याकडे साडेतीन मिलिमीटरची आहे.

आणि एवढं सगळं स्वच्छ करून झाल्यावर घाण करायची. गंज कुठेही लावायचा नसतो, तो रंग जिथे उडतो तिथून सुरू होतो, दाराच्या रुळापाशी, छपराच्या सांध्यात, आणि पावसाने सरळ खाली ओघळतो. डब्याच्या टोकाच्या भिंतींवर चाकांच्या रेषेत चिखलाचे दोन उभे पट्टे उडालेले असतात. वजनाच्या तारखेभोवतीचा चौकोन मात्र ताज्या रंगाचा, कारण तो परत परत रंगवला जायचा. पेस्टल खडूची पूड छान बसते, पण वरून मॅट वार्निश मारलं की निम्मी गायब होते, म्हणून आधीच जास्त लावायची, आणि ते जास्त किती हे मला अजून एकदाही आधी कळलेलं नाही.

छप्पर बंद करायच्या आधी काटा बरोबर २७.० दाखवत होता. दरवाज्यांनी मला फार छळलं, चार बिघडवल्यावर दोन नीट झाले. ते चार समोरच पडले होते, टाकवेनात, सरळ आत टाकले आणि छप्पर चिकटवलं. २७.४ ग्रॅम.

परवा भाचा आला होता. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात त्याने वाघीण उचलून कानाशी धरून हलवली.

"मामा, हे आत काहीतरी खुळखुळतंय. तुटलंय का?"

"नाही रे. माल भरलाय."

"कसला माल?"

"दरवाजे."

"बघू?" म्हणत त्याने नखाने बाजूचा दरवाजा सरकवला, आणि तो पाचवा दरवाजा त्याच्या हातात आला.