दोन मण्यांमधली गाठ

माझ्याकडून खड्यांच्या माळा घेणारे एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, प्रत्येक मण्यानंतर गाठ कशासाठी? नुसते ओवले तर काम लवकर उरकेल आणि किंमतही उतरेल." परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर सांगते.

दगड रेशमाला कापतो. तुमच्या माळेतला अकीक (अ‍ॅगेट) हा दगड काठिण्याच्या एक ते दहाच्या मोहस् मापात साडेसहा ते सातच्या घरातला, साध्या पोलादी सुरीचा ओरखडाही न उठणारा. त्याला वेज पाडतात ते दोन्ही बाजूंनी, त्यामुळे आत मध्यावर बारीकसा खाचा आणि तोंडाशी धार राहते. माळ अंगावर हलत असताना मणी दोऱ्यावरून मागेपुढे सरकला, की ती धार करवतीसारखी फिरते. मध्ये कोरीव पदक असेल तर त्याचा भार लगतच्या चार-पाच मण्यांजवळच्या दोऱ्यावर सर्वांत जास्त येतो, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक माळा तिथेच तुटलेल्या असतात. गाठीमुळे मणी जागचा हलत नाही, शेजारच्यावर घासत नाही, आणि दोरा तुटलाच तरी एखादाच मणी निसटतो.

सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या घाईपुढे मान तुकवून मी एक माळ गाठींशिवाय ओवून दिली होती. संध्याकाळच्या गर्दीत, दादरच्या पुलावर ती तुटली. पदक त्यांनी मुठीत धरले म्हणून वाचले, मणी मात्र जिन्यावरून घरंगळत गेले. ४८ पैकी ३१ मणी त्यांनी रुमालात बांधून आणले; मी रुमाल सोडला तेव्हा त्यातल्या दोन मण्यांचे टवके उडालेले होते. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

ते मणी गुजरातेतल्या खंबायतचे होते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला, त्याच्याच पोकळ्यांत अकीक तयार होतो. राजपीपळ्याजवळच्या रतनपूर भागातला हा दगड खंबायतला नेऊन तापवतात, तेव्हा त्यातल्या लोहामुळे तो लालसर होतो. मग तो घासणे, वेज पाडणे, झिलई करणे. घासताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कितीतरी कारागिरांची फुप्फुसे सिलिकोसिस या दगडाच्या धुळीने होणाऱ्या रोगाने निकामी झाली आहेत. तुमच्या माळेच्या पदकावरचे कमळ बोटाने चाचपून पाहा : पाकळ्यांच्या फुगीर भागावर झिलई आहे, पण खोल रेघांत दगड थोडा खरखरीत लागतो, कारण तिथवर झिलईचे साधन पोहोचत नाही. इतक्या कष्टाने घडलेला दगड मी चार तास वाचवण्यासाठी जिन्यावर सांडू देणार नाही.

तुमची माळ १८ इंचांची आहे. दुहेरी रेशमाची प्रत्येक गाठ सुईच्या टोकाने मण्याला भिडवावी लागते. सैल राहिली तर ती उसवून पुन्हा मारते. मुंबईच्या घामाने रेशीम कुजते, म्हणून माळ उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवा, आणि गाठींमध्ये फट दिसू लागली की आणून द्या. मी पुन्हा गाठवून देईन.