पाडून नवीन का नाही बांधत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. छोट्या शहराच्या जुन्या बाजारपेठेत दोन-तीन मजली इमारतींची रांग असते, खाली दुकानं, वर कुलपं, भिंतींना ओल, आणि विचारणारा वर बघत म्हणतो, अहो एवढा जीव कशाला काढताय, पाडून नवीन का नाही बांधत? मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे मी जपा म्हणणारच असं लोकांना वाटतं. तसं काही नाही, 'ही आता उतरवा' असा रिपोर्ट मी स्वतः दोनदा दिलाय.

पण बहुतेक इमारती वयाने जात नाहीत हो, पाण्याने जातात. छपराची पन्हळ तुंबते, त्यात माती साचते, एखादं रोपटं उगवतं, खालून बघायला गोडच दिसतं ते, आणि मग पाणी पाइपातून जायच्या ऐवजी भिंतीत उतरतं आणि तुळईचं जे टोक भिंतीत रोवलेलं असतं ते वर्षानुवर्षं भिजत आतल्या आत कुजतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. एक दिवस मजला एका बाजूला कलतो आणि मग सगळे म्हणतात बघा, धोकादायक झाली. पन्हळ साफ करायला एक शिडी आणि एक माणूस लागतो, बस. काही मालक मुद्दामच करत नाहीत हेही सांगून टाकते, पाडायची परवानगी मिळत नसेल तर पाऊस फुकटात पाडून देतो ना.

दुसरा शत्रू सिमेंट, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. कामाला नवीन होते तेव्हा एका मालकांना सांगितलं, दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून घ्या, भिंत भक्कम होईल. चार-पाच वर्षांनी परत गेले तर सिमेंटच्या दरजा जशाच्या तशा ताठ उभ्या आणि मधल्या विटा आत गेलेल्या, अख्खी भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. बोट लावलं की पापुद्रा सुटायचा, हाताला लाल भुकटी. झालं असं की जुनी वीट मऊ, ती बांधलेली चुन्यात, आणि चुना विटेपेक्षाही मऊ असतो, तो तसाच असायला हवा. भिंतीत ओल शिरली की ती चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडून वाळते, भिंत जराशी हलली तर चीर दरजेत जाते आणि वीट वाचते. मी तो रस्ताच बंद केला, मग ओल विटेतून बाहेर यायला लागली, येताना क्षार घेऊन आली, त्यांचे खडे विटेच्या तोंडाशी साचले आणि तोंडच फुटलं. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

असो, 'का जपायचं' हे राहिलंच. इतिहास, वारसा वगैरे मी सहसा बोलत नाही, ज्याला आधीच पटलंय त्यालाच ते पटतं. मी भाड्याचं बोलते. नवीन इमारतीवर कर्ज असतं, ते फेडायला भाडं जास्त लावावं लागतं, ते झेपतं बँकेला नाहीतर मोठ्या ब्रँडच्या शोरूमला. शिवणकाम, घड्याळदुरुस्ती, कुणाचा पहिलाच धंदा, हे जुन्या अरुंद गाळ्यांतच तग धरतात. शिवाय जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा साधारण ७-८ टक्के आहे, उभी भिंत पाडून तीच परत ओतायची म्हणजे हिशोबात दोनदा धरा.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाहीये. अमेरिकेत छोट्या शहरांचे मुख्य बाजार असेच ओस पडले होते, गिऱ्हाईक शहराबाहेरच्या मॉलकडे गेलं आणि इकडे इमारती पाडून पार्किंग करत होते, नाहीतर मॉलसारखं दिसावं म्हणून जुन्या दर्शनी भागावर धातूचे पत्रे ठोकत होते. १९७७ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज अशा तीन गावांत प्रयोग सुरू केला, त्यातूनच १९८० मध्ये मेन स्ट्रीट नावाचं केंद्र उभं राहिलं. मला त्यातलं एवढंच आवडतं की त्यांनी इमारती आणि धंदा वेगळे मानले नाहीत, दुकानदारांना एकत्र आणायचं, बाजाराची जाहिरात करायची आणि दर्शनी भाग दुरुस्त करायचे, हे सगळं एकाच वेळी.

कारण खरी गोची वरच्या मजल्यांची असते. खाली दुकान चालतं, वर जायचा जिना दुकानाच्या आतून, म्हणून वर कुणी भाडेकरू येत नाही, आणि आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही म्हणून परवानगीही मिळत नाही. मग वर कुणी जातच नाही, पन्हळ फुटलेली कुणाला कळत नाही. मागच्या बाजूने एक स्वतंत्र जिना काढून दिला तरी अर्धी इमारत वाचते. यावर काही शुद्धतावादी मंडळी माझ्यावर चिडतात, जिना मूळचा नाही म्हणून. नसू दे. उलट पुढची भिंत तेवढी ठेवून मागे काचेचा डबा उभा करतात ना, त्याला जपणं म्हणतात तेव्हा मला चिडायला होतं, तो मुखवटा झाला.

त्या मालकांचं काय झालं म्हणाल तर सिमेंटच्या दरजा आम्ही छिन्नीने हळूहळू काढल्या, ग्राइंडर लावला की विटांच्या कडा उडतात. मुरवलेला चुना भरला आणि ओलं गोणपाट टांगलं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, झटकन वाळला तर भुसभुशीत राहतो. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

परवा एकांनी परत तोच प्रश्न विचारला. पाऊस चालू होता, मी म्हटलं आधी रस्त्यापलीकडे उभं राहून वर बघा, पन्हळीच्या कुठल्या सांध्यातून धार लागलीय. छत्री घेऊन गेले, येऊन म्हणाले दोन ठिकाणी गळतंय, आणि मग लांब शिडी कुणाकडे मिळेल ते विचारत बसले.