सेटरच्या घरातला सेट

माझ्या गेटपासवर नावाखाली 'सेटर' असं छापलंय. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये लेथवर होतो, आता शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. पै-पाहुण्यांत कुणी विचारलं की 'मशीन चालवतो' म्हणून मोकळा होतो, पण चालवणारा ऑपरेटर वेगळा. मी चकाचे जबडे, म्हणजे जॉ, मापाला बोअर करतो, त्यात जॉब पकडतो, डायल लावून तो सरळ फिरतोय का बघतो, टूलच्या मापाचा फरक, म्हणजे ऑफसेट, मशीनला टाकतो, पहिला पीस काढतो. वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, इकडं-तिकडं झालं की पुन्हा पहिल्यापासनं. पीस ओके झाला की मशीन ऑपरेटरच्या हवाली. पुढं त्यानं हजार पीस काढू देत, माझं नाव कुठं येत नाही. रिजेक्ट झाले तर मात्र सगळ्यात आधी येतं.

तर मागच्या रविवारी थोरलीनं विचारलं, "पप्पा, सेटर म्हणजे नेमकं काय ओ?" ती अकरावीला आहे. इंग्रजीचा एकच शब्द घेऊन त्याचे जमतील तेवढे अर्थ लिहून आणायचे होते, आणि तिनं 'सेट' घेतला होता. बापाच्या गेटपासवरचा म्हणून.

तिनंच शोधून सांगितलं : ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. पुढं नव्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा 'रन'चे ६४५ भरले.

"रन म्हणजे चालवणं. म्हणजे तिथंपण ऑपरेटर सेटरच्या पुढं गेला," मी म्हणालो. पोरगीला काही हसू आलं नाही.

मग चहा घेत मोजायला बसलो. कपबशांचा सेट. सिनेमाचा सेट, आणि हा तर कोल्हापूरचा हक्काचा. रंगवलेले पडदे टांगायच्या काळात मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी इथं खरेखुरे, आत वावरता येतील असे सेट उभे केले. (कॅमेरासुद्धा त्यांनी स्वतःच बनवला होता, त्यामुळं आम्हा वर्कशॉपवाल्यांना त्यांचं जास्त कौतुक.) व्हॉलीबॉलचा सेट. गुजरीतल्या सराफाकडचा नेकलेसचा सेट. बहिणीच्या लग्नात कोल्हापुरी साज घेतला, त्याला कुणी सेट म्हणालं नव्हतं. प्राध्यापकीची सेट परीक्षा. माझा चुलतभाऊ ती पास आहे आणि अजून तासिका तत्त्वावर शिकवतोय, म्हणजे सेट होऊनही सेट झाला नाही. आणि 'सेटिंग लावलंय' मधलं सेटिंग, ते मी लिहू दिलं नाही.

त्यात पोरगीनं एक भारी गोष्ट काढली. सेट हा मुळात एक शब्दच नाही. कपबशांचा सेट बराचसा फ्रेंचातनं आला; त्याचं मूळ लॅटिनमध्ये 'सेक्टा', म्हणजे कुणाच्या मागनं जाणारा गट. मशीन सेट करतो तो सेट जुन्या इंग्रजीतल्या 'सेटन'चा, आणि त्याचा अर्थ बसायला लावणं. संस्कृतातला 'सद्' धातू त्याच घराण्यातला. संसद, परिषद त्याच्याच. दोन निरनिराळी माणसं एकाच नावानं एका घरात नांदावीत, तसं झालंय हे.

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. म्हणाली, "मग बसिवणंच की ते. एवढं काय मोजालाय?"

मी जरा थांबलो. कारण खरंच, साहेब 'सेटिंग झालं का?' विचारतो आणि मी 'बसलं' म्हणतो. इतकी वर्षं तोंडात होतं, लक्षात आलं नव्हतं. मग आईनंच सुरू केलं. गणपती बसवतो, घट बसतात, गल्लीत नाटक बसवतात. घसा बसतो, टायर बसतं, धक्का बसतो, चटका बसतो. कुणाचा जम बसतो आणि कुणाचा धंदा बसतो. एक वर येतो, दुसरा बुडतो, शब्द तोच.

मी आपलं सेटची बाजू घेतली. म्हटलं, सूर्य मावळतो, दही लागतं, गजर लावतो, सिमेंट धरतं. ह्या सगळ्याला इंग्रजीत एकटा सेट पुरतो, आपल्याला चार माणसं लागतात. सिमेंटचा तर नियमच आहे, साध्या सिमेंटनं अर्ध्या तासाच्या आत धरायला सुरुवात करायची नाही आणि दहा तासांच्या आत पुरतं धरलं पाहिजे.

"दही कुठं आपल्याआप लागतंय?" आई म्हणाली. "मी विरजण लावते तवा लागतंय."

वही भरली. पोरगी 'बसणे'चे अर्थसुद्धा मागच्या पानावर उतरवून घेत होती, अठरा झाले होते. मी म्हटलं, बास, संपले आता.

आतनं बायको म्हणाली, "एक राहिला बघा. शनिवारी संध्याकाळी तुमच्या दोस्ताचा फोन येतो, 'बसूया काय?' त्यातला."

पोरगीनं एकोणीस आकडा टाकला आणि माझ्याकडं बघत राहिली.